खावटी वेळेवर पोचण्याचा प्रश्न

‘खावटी’ हा शब्द शासनाने घडविलेला नाही. पेरणी आटोपली आहे, घरातील धान्य संपले आहे आणि नवे पीक हाती यावयास अद्याप अवकाश आहे, अशा दिवसांत पोटाला लागणारे धान्य म्हणजे खावटी. या दिवसांत आदिवासी कुटुंब सावकाराच्या दारी उभे राहते आणि पुढील पीक त्याच्याकडे आधीच गहाण पडते. हे चक्र तोडण्यासाठी १९७६ साली महाराष्ट्रात आदिवासींच्या आर्थिक स्थितीच्या सुधारणेचा कायदा झाला आणि १९७८ पासून खावटी कर्जाची योजना सुरू झाली. कर्जाची थकबाकी साचत गेली आणि २०१३ नंतर योजना बंद पडली. करोनाच्या साथीने तिला पुन्हा जाग आणली.

साथीच्या काळात राज्य शासनाने घेतलेला निर्णय स्वागतार्ह होता, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. ऑगस्ट २०२० मध्ये मंत्रिमंडळाने खावटी योजना एका वर्षापुरती पुन्हा सुरू केली आणि कर्जाऐवजी शंभर टक्के अनुदान देण्याचे ठरविले. दर कुटुंबास ४,००० रुपये. त्यांपैकी २,००० रुपये खात्यात रोख आणि २,००० रुपयांचा किराणा. लाभार्थी कुटुंबे ११ लाख ५५ हजार आणि तरतूद ४८६ कोटींची. राज्याची तिजोरी रिती होत असताना परतफेडीची अट काढून टाकणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु शासनाच्या मदतीचे मोल केवळ रकमेवर ठरत नाही. ती कोणाला, कोणत्या स्वरूपात आणि केव्हा पोचते, यावरही ठरते. या तीन कसोट्यांवर ही योजना घासून पाहणे आवश्यक आहे, कारण अशी वेळ पुन्हा येणार नाही याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

प्रथम ‘केव्हा’ याचा विचार करू. टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी लागू झाली. किनवट आणि माहूरच्या डोंगराळ भागातील गोंड, कोलाम, आंध व प्रधान कुटुंबांच्या दृष्टीने ते मोहफुले वेचण्याचे दिवस. त्यामागून तेंदूपानांचा हंगाम येतो. वर्षातील रोख पैशाचा मोठा भाग याच दोन-तीन महिन्यांत हाती येतो. नेमके तेव्हाच बाजार बंद झाले आणि वाहतूक थांबली. केंद्र सरकारने १ मे २०२० रोजी ४९ वनोपजांच्या आधारभूत किमती वाढविल्या. पण तोवर मोहाचा बहर ओसरत आला होता. दुसरीकडे आश्रमशाळा बंद झाल्या. जी मुले वर्षातील बहुतेक दिवस शाळेत जेवत, ती घरी आली. ज्या महिन्यांत मिळकत बुडाली, त्याच महिन्यांत घरातील खाणारी तोंडे वाढली.

अशा वेळी खावटीचा निर्णय ऑगस्टमध्ये आणि शासकीय आदेश सप्टेंबरमध्ये निघाला. त्यानंतर सर्वेक्षण, अर्ज, खाती व कागदपत्रांची तपासणी आणि किराण्याच्या खरेदीची निविदा असा क्रम लागला. आश्रमशाळांच्या शिक्षकांनाही या कामास जुंपण्यात आले. किराण्याचा संच अनेक ठिकाणी पोचला तो २०२१ च्या पावसाळ्यात, म्हणजे साथीची दुसरी लाटही येऊन गेल्यावर. ज्या पावसाळ्यासाठी खावटी मंजूर झाली, तो पावसाळा कर्जावर किंवा अर्धपोटी निघून गेला होता.

यावर असे म्हटले जाईल की, साथीच्या काळात यंत्रणाच ठप्प होती. ते पूर्णतः खरे नाही. त्याच काळात केंद्राने माणशी पाच किलो मोफत धान्याचे वाटप एप्रिल २०२० पासून सुरू केले आणि महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये जमा केले. या मदतीलाही उणिवा होत्या. पण शिधापत्रिकांची नोंदवही आणि बँकेतील खाती तयार असल्यामुळे ती लवकर निघू शकली. खावटीची नोंदवही मात्र २०१३ नंतर मिटलेली होती. संकट दारात आल्यावर यादी करावयास बसले की उशीर हा ठरलेलाच.

आता ‘कोणाला’ हा प्रश्न. योजनेत ४ लाख कुटुंबे रोजगार हमीच्या कामावर आदल्या वर्षी किमान एक दिवस हजर असलेली होती. २ लाख २६ हजार आदिम जमातींची, ६४ हजार पारधी समाजाची, १ लाख ६५ हजार वनहक्क मिळालेली आणि ३ लाख प्रकल्प अधिकाऱ्याने गरजू ठरविलेली. कागदावर ही विभागणी समंजस आहे. परंतु नांदेड आणि लातूर हे शेजारचे दोन जिल्हे घेतले, तर तिचे असमान फळ ध्यानी येते.

किनवट हा निजामी राजवटीत आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. तेथे अनुसूचित क्षेत्र आहे, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, कोलामांना आदिम जमातीचा दर्जा आहे, वनहक्काचे दावे आहेत. आदिवासी येथे शासनाला दिसतो. लातूर जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या दोन टक्क्यांच्या आसपास. अनुसूचित क्षेत्र नाही, प्रकल्प कार्यालयही नाही. गावाच्या कडेला पाल ठोकून राहणाऱ्या पारधी कुटुंबाचा कारभार परजिल्ह्यातील कार्यालयातून चालतो. ऊसतोडीला परमुलखात गेलेल्या मजुराचे नाव रोजगार हमीच्या हजेरीपटावर कसे असणार? जंगलच नसलेल्या तालुक्यात वनहक्काचा पट्टा कोठून येणार? उरतो तो ‘गरजू’ हा एकच वर्ग. आणि गरज ठरविणारा अधिकारी तर दूर बसलेला. संख्येने थोडे आणि विखुरलेले असणे हाच ज्यांचा दोष, त्यांच्यासाठी जमातीचा दाखला, आधार आणि बँक खाते ही तीन दारे एकापाठोपाठ एक बंद होत जातात.

तिसरा प्रश्न स्वरूपाचा. मटकी, चवळी, हरभरा, तूरडाळ, तेल, मीठ, मिरची, साखर, चहा अशा ठरावीक जिनसा सर्व राज्यासाठी मुंबई-नाशिकहून ठरल्या. रोख दिल्यास पैसा दारूत जाईल, हा वस्तुरूप मदतीच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद. तो सरसकट खरा मानावयाचा, तर निम्मी रक्कम रोख का दिली, याचे उत्तर मिळत नाही. शिवाय ४,००० रुपये म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबात वर्षभराच्या हिशेबाने माणशी दिवसाला सव्वादोन रुपयेही नव्हेत. इतक्या थोड्या रकमेची निवडसुद्धा गरिबाच्या हाती न ठेवण्यात अविश्वास आहे, आणि त्या अविश्वासापायी खरेदीचे सोपस्कार वाढून विलंबही पदरी येतो.

अन्यत्र काय घडले, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने मार्च २०२० मध्ये मूलनिवासी जमातींच्या शासनांसाठी ८ अब्ज डॉलर राखून ठेवले आणि ते तीस दिवसांत देण्याची मुदत कायद्यातच घातली. ती मुदत पाळली गेली नाही; अलास्कातील महामंडळांना वाटा द्यावा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जून २०२१ मध्ये मिटला. म्हणजे विलंब तेथेही चुकला नाही. परंतु पैसा कशावर खर्चावयाचा, याचा निर्णय पुष्कळ अंशी जमातींच्या स्वतःच्या शासनाकडे राहिला. महाराष्ट्रालाही हे तत्त्व परके नाही. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीचा पाच टक्के भाग अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि त्याचा विनियोग ग्रामसभा ठरविते.

तेव्हा मार्ग अगदीच अनोळखी नाही. खावटीची यादी दरवर्षी ग्रामसभेत वाचून अद्ययावत ठेवावी. संकट जाहीर होताच पंधरा दिवसांत रोख रक्कम जमा करण्याचे बंधन आदेशातच असावे. आणि लातूरसारख्या जिल्ह्यात, जेथे प्रकल्प कार्यालय नाही, तेथे तहसील पातळीवर एक अधिकारी या कामासाठी जबाबदार धरावा. दाखला नसलेल्या कुटुंबाला मदत आधी मिळावी आणि दाखल्याची चौकशी मागाहून व्हावी. यांपैकी कोणत्याही गोष्टीला नवे खाते वा नवे महामंडळ लागत नाही. लागतो तो संकटापूर्वी थोडा विचार करण्याचा सराव. सावकार कधी निविदा काढीत नाही, म्हणूनच तो वेळेवर पोचतो. शासनाला त्याची जागा घ्यावयाची असेल, तर निदान पेरणीपूर्वी तरी आदिवासीच्या दारात पोचले पाहिजे.