छर्‍याची बंदूक : पारख, वापर आणि जबाबदारी



आज छर्‍याच्या बंदुकीवर बोलायचे आहे, हे ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. कामगारांच्या पगारावर आणि पाळीच्या तासांवर बोलणारी माणसे पाखरांच्या शिकारीकडे कशी वळली, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की आमच्या संघटनेत पहारेकरी पुष्कळ आहेत. बँकेच्या, पतसंस्थेच्या, गोदामाच्या दाराशी निवृत्त जवान बहुधा बारा बोअरची बंदूक घेऊन उभा असतो. ती बंदूक मुळात पहार्‍यासाठी घडवलेली नाही, उडत्या पाखरासाठी घडवलेली आहे. तिचे वजन, नळीची लांबी, दस्त्याचा बाक, सारे काही पाखराच्या उडण्यावरून ठरले आहे. हत्यार ज्या कामासाठी जन्मले ते काम समजल्याशिवाय त्याचा गुण कळत नाही आणि धोकाही कळत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्या देशात आज पाखरांची शिकार हा गुन्हा आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. तेव्हा पुढे जे सांगू ते रानात निघण्यासाठी नव्हे. जुनी विद्या समजून घ्यावी आणि तिच्यातले जे आजही उपयोगी आहे ते उचलावे, एवढाच हेतू.

रायफल आणि छर्‍याची बंदूक यांत पहिला भेद नळीच्या आतला आहे. रायफलीच्या नळीत पिळाचे आटे असतात. त्यांतून गोळी गरगरत निघते आणि दूरवर सरळ जाते. छर्‍याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून एक गोळी नव्हे, तर शेकडो बारीक छर्‍यांचा पुंजका निघतो. उडत्या तितराला एका गोळीने टिपणे फार थोड्यांना जमते. छर्‍यांचे जाळे फेकले तर जमण्याची आशा असते. कोळी मासा गळाने धरतो आणि जाळ्यानेही धरतो, तसाच हा भेद.

गुळगुळीत नळी खर्ड्याला नवी नाही. ११ मार्च १७९५ रोजी याच माळावर मराठे आणि निजाम यांची लढाई झाली आणि निजामअलीला येथल्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. त्या दिवशी पायदळाच्या हाती ज्या बंदुका होत्या त्या बहुतेक गुळगुळीत नळीच्याच होत्या. तोंडातून दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची. शिकारीची ठासणीची बंदूकही तशीच भरत. फक्त गोळीऐवजी छर्रे घालीत. पुढे एकोणिसाव्या शतकात मागून काडतूस घालण्याची, मधोमध मोडणारी बंदूक आली. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातील अँसन आणि डीली या दोघांनी घोडे पोटात दडवलेली रचना काढली. आजची साधी दुनळी त्याच आराखड्यावर चालते. दीडशे वर्षे एखादे यंत्र फारसे न बदलता टिकते, तेव्हा ते करणार्‍यांचे डोके किती स्वच्छ असेल!

आता ‘बारा बोअर’ म्हणजे काय? पुष्कळांना वाटते की बारा हे कसले तरी माप आहे. तसे नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. पौंडाच्या वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होते, म्हणून वीस बोअरची नळी अरुंद, सुमारे १५.६ मिलिमीटरची. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा बोअर सर्वांत रूढ झाली, कारण ती खांद्याला झेपते आणि तिच्यात छर्रेही पुरेसे मावतात.

काडतुसाची रचना सोपी आहे. बुडाला पितळी टोपण, त्यात ठिणगी देणारी टोपी, तिच्यावर दारू, दारूवर बूच आणि बुचावर छर्रे. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात सुमारे ३० ग्रॅम छर्रे असतात. छर्‍यांनाही नंबर असतात आणि तेथेही आकडा वाढला की दाणा बारीक. इंग्रजी मापाच्या ६ नंबरचा दाणा २.६ मिलिमीटरचा, ३० ग्रॅममध्ये असे सुमारे २८५ दाणे बसतात. ८ नंबरचा दाणा २.२ मिलिमीटरचा, तो त्याच वजनात पावणेपाचशेच्या आसपास भरतो. जुने शिकारी लाव्यासाठी ८ नंबर घेत, तितर आणि पखुर्डीसाठी ६, बदकासाठी ५ किंवा ४. हिशेब असा की पाखरू लहान असेल तर दाट जाळे हवे, नाही तर ते फटींतून निसटते. पाखरू मोठे आणि जाड पिसांचे असेल तर दाण्यात जोर हवा. संख्या आणि जोर ही दोन्ही एका काडतुसात पूर्णपणे मिळत नाहीत. एक वाढवले की दुसरे घटते. वेतनाच्या वाटाघाटीत बसणार्‍यांना हा व्यवहार चांगला ठाऊक असतो.

नळीचे तोंडही छर्‍यांचे नशीब ठरवते. काही नळ्या तोंडाशी किंचित आवळलेल्या असतात. त्याला ‘चोक’ म्हणतात. पाण्याच्या नळीचे तोंड बोटाने दाबले की धार लांब जाते, तसे हे. बारा बोअरमध्ये पूर्ण चोक म्हणजे तोंड अवघा एक मिलिमीटर अरुंद. पण परिणाम केवढा! ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६ मीटरवर, ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखून पाहिले, तर पूर्ण चोकच्या नळीतून शेकडा ७० छर्रे त्या वर्तुळात पडतात, अर्ध्या चोकमधून ६० आणि अजिबात न आवळलेल्या नळीतून ४०. आडव्या जोडीच्या दुनळीत बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली असते. पाखरू जवळून उठले तेव्हा पहिला बार मोकळ्या नळीचा. ते दूर गेले की दुसरा आवळलेल्या नळीचा. दोन चाप ठेवण्याचे मर्म हेच.

बंदूक निवडताना जाणते लोक आधी नक्षी पाहत नसत, अंग पाहत. चपलेसारखी बंदूकही मापाची लागते. रिकामी बंदूक घ्यावी, ती खरेच रिकामी आहे हे स्वतः पाहावे, समोरच्या भिंतीवरील एका खुणेकडे बघावे, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावे. नळीच्या टोकाची माशी आपोआप खुणेवर आली, तर दस्ता आपल्या मापाचा. मान वाकवावी लागली, तर नव्हे. दुसरी गोष्ट वजन. बंदूक छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट जड असावी, असा जुना ठोकताळा आहे. ३० ग्रॅमला ९६ ने गुणले की २,८८० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन किलो. त्याहून हलकी बंदूक दिवसभर वागवायला सोपी, पण खांद्याला धक्का फार देते.

जुनी बंदूक घेताना फिटरच्या नजरेने तपासावी. बंद करून हलवली तर सांध्यात खुळखुळ वाजता कामा नये. नळीतून उजेडाकडे पाहिले की आतल्या सावल्यांच्या कडा अखंड दिसाव्यात. कोठे पोचा किंवा फुगवटा असेल तर कडा तुटलेली दिसते. नळीच्या बुडाशी दाबपरीक्षेची निशाणी असावी. पिळाच्या पट्ट्यांची वेलबुट्टी दिसणारी दमास्कस नळी कितीही सुंदर असो, ती काळ्या दारूच्या काळातली आहे. तिच्यात आजच्या दारूचे काडतूस घालणे म्हणजे हात गमावण्याची तयारी. काडतुसाची लांबीही पाहावी. पुष्कळ जुन्या इंग्रजी बंदुकांचे घर ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी आहे. ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात शिरते खरे, पण बार झाल्यावर त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याच्या हद्दीबाहेर जातो.

आता वापर. नवशिक्याची चूक ठरलेली असते : तो पाखरावर नेम धरतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने आडवे जाणारे पाखरू सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे सरकते. छर्‍यांना ३५ मीटर जायला सेकंदाचा आठवा-नववा भाग लागतो. तेवढ्यात पाखरू दीड मीटरहून थोडे अधिक पुढे गेलेले असते. म्हणून बार पाखरावर न टाकता, ते जेथे पोहोचणार तेथे टाकायचा आणि चाप ओढताना बंदूक थांबू द्यायची नाही. अंतराची शिस्तही तेवढीच महत्त्वाची. ३५ ते ४० मीटरच्या पुढे जाळे विरळ होते. पाखरू मरत नाही, जखमी होऊन झुडपात तडफडते. पल्ल्याबाहेर बार न टाकणे हा चांगल्या शिकार्‍याचा पहिला धर्म मानला जाई. मात्र नेमाचा पल्ला संपला म्हणजे धोका संपला असे नाही. ६ नंबरचा दाणा दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो आणि डोळा फोडायला तेवढे पुरते.

सुरक्षेचे नियम मोजकेच आहेत, पण ते रक्ताने लिहिलेले आहेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी. हातात घेताच मोडून पाहावी. माणसाकडे, रिकामी असली तरी, तोंड करू नये. कुंपण, ओढा किंवा जिना ओलांडताना काडतुसे काढावीत. बहुतेक दुनळ्यांत सुरक्षेचा खटका फक्त चाप अडवतो. बंदूक आपटली तर आतला घोडा सुटू शकतो, म्हणून खटक्यावर विसंबू नये. नळीत चिखल, चिंधी, काही अडकले नाही ना, हे पाहूनच भरावी. बारा आणि वीस बोअरची काडतुसे एका खिशात कधीच ठेवू नयेत. वीसचे काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकते. नळी रिकामी दिसते म्हणून माणूस मागे बाराचे काडतूस घालतो, आणि बार होताच नळी फाटते. वीस बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग देण्याची पद्धत यासाठीच पडली.

ही विद्या कोणाच्या हाती होती, हेही पाहिले पाहिजे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला बंदूक बाळगण्यास परवान्याची अट घातली. साहेबाला मात्र मोकळीक होती. त्याच राज्यात आपल्या भागातील फासेपारधी घोड्याच्या केसांचे फासे मांडून तितर-लावे धरीत, पोटापुरते. दुनळी घेतलेला साहेब शौकीन ठरला आणि फासा लावणारा पारधी जन्मतः गुन्हेगार ठरवला गेला. १८७१ पासून चालत आलेला तो गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला. कायद्यातून शिक्का पुसला, गावाच्या मनातून तो अजून पुरता पुसलेला नाही. शिकारबंदी आवश्यक आहे, यात आम्हाला शंका नाही. शेजारच्या कर्जत, श्रीगोंदे आणि नेवासे भागांतील माळांचा समावेश करून १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज देशभर मिळून तो पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे. परंतु बंदुकीने माळ रिकामे करणारे एक आणि बंदीने पोटाला चिमटा बसलेले दुसरे, हे विसरू नये. पारध्याची पाखरांची जाण आज रक्षणाच्या कामी लावली आणि त्याला त्याची मजुरी दिली, तर न्यायही होईल आणि माळही राखला जाईल.

शिशाची गोष्टही सांगितली पाहिजे. पाणथळीत पडलेले छर्रे बदके खडे समजून गिळतात आणि विषाने मरतात. म्हणून अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला बंदी केली. युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागी ती लागू केली. तेथे आता पोलादी छर्रे वापरतात. पोलाद हलके, म्हणून दाणा दोन नंबर मोठा घ्यावा लागतो. आणि ते कठीण, म्हणून जुन्या घट्ट चोकच्या नळीत चालत नाही. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणार्‍या आणि बॅटरीच्या भट्टीवर राबणार्‍या कामगारांना जे विष कळले होते, ते पाखरांच्या निमित्ताने सरकारांना कळले.

मग या बंदुकीला आज सरळ मार्ग कोणता? एक मार्ग खेळाचा. हवेत फेकलेल्या मातीच्या पाखरांवर, म्हणजे ११० मिलिमीटरच्या ठिसूळ तबकड्यांवर, २४ ग्रॅम छर्‍यांचे काडतूस चालवतात. बिकानेरच्या करणीसिंहांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत यात रौप्यपदक मिळवले आणि राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये. सगळी विद्या तीच, जीव मात्र कोणाचाच जात नाही.

दुसरा मार्ग पहार्‍याचा आणि तेथे आमची तक्रार आहे. पाच मीटरवर छर्रे अजून एका वितीएवढ्या वर्तुळातच असतात; तेथे जाळे नसते, एकच जबर गोळा असतो. पगाराच्या दिवशी बँकेत रांग लागलेली असते आणि मधोमध हे हत्यार उभे असते. ते पुष्कळदा पहारेकर्‍याचे स्वतःचे असते. परवाना त्याचा, काडतुसांचा खर्च त्याचा, दुरुस्ती त्याची. बारा तासांची पाळी मात्र ठेकेदाराची. आमच्याकडे आलेले कित्येक जण सांगतात की नोकरीला लागल्यापासून सरावासाठी एकही बार काढलेला नाही. महाराष्ट्रात सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे, खासगी संस्थांसाठी २००५ चा कायदा प्रशिक्षण बंधनकारक करतो, २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीच्या शिक्षणाची तरतूद आहे. कागद पुरेसे आहेत. अंमल तोकडा आहे.

आमचे मागणे फार नाही. वर्षातून एकदा ठेकेदाराच्या खर्चाने चांदमारी व्हावी, जाणत्या कारागिराकडून बंदुकीची तपासणी व्हावी आणि पाळी आठ तासांची असावी. झोपेने जड झालेल्या डोळ्यांच्या हाती भरलेली दुनळी देणे हा त्या माणसावर अन्याय आहे आणि रांगेत उभ्या असलेल्या तुमच्या मुलाबाळांवरही. उद्या बँकेत जाल तेव्हा दारातल्या त्या माणसाला नमस्कार करा आणि व्यवस्थापकाला एक प्रश्न विचारा : याने शेवटचा सराव कधी केला? दहा ग्राहकांनी तो विचारला, तर आमच्या दहा मोर्चांचे काम होईल.