ख्रिस्ती विवाहसंकल्पना

ख्रिस्ती विवाहसंकल्पना म्हणजे बायबलमधील वचनांच्या आधारे ख्रिस्ती परंपरेने मांडलेला विवाहाचा अर्थ. विवाह हा स्त्री-पुरुषांनी देवासमक्ष केलेला आजन्म करार आहे, ही तिची मध्यवर्ती कल्पना होय. येथे 'करार' हा शब्द 'जुना करार' व 'नवा करार' या नावांतील अर्थाने घ्यावयाचा आहे; व्यवहारातील मुदतबंद करारनाम्याशी त्याचा संबंध नाही.

'उत्पत्ती'च्या दुसऱ्या अध्यायात पुरुष आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहतो व ती दोघे एकदेह होतात, असे सांगितले आहे. तथापि जुन्या करारातील सर्वच विवाह या आदर्शाला धरून नाहीत. याकोबाला लेआ व राहेल या दोन पत्नी होत्या. दावीद व शलमोन यांना अनेक होत्या. होशेय संदेष्ट्याने मात्र देव व इस्राएल यांचे नाते पती-पत्नीच्या रूपकात मांडले आणि विवाहातील निष्ठेला धार्मिक वजन आले.

'अनुवाद' या ग्रंथाच्या २४व्या अध्यायात पतीने सूटपत्र देऊन पत्नीस पाठविल्याचा उल्लेख आहे. सूटपत्र कोणत्या कारणासाठी द्यावे, यावर हिल्लेल व शम्मय यांच्या अनुयायांत मतभेद होता. परूशांनी येशूला याच वादात ओढले. मोशेने ही मुभा लोकांच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे दिली, मुळात तसे नव्हते, असे उत्तर देऊन येशूने 'उत्पत्ती'तील वचनाकडे बोट दाखविले. पत्नीला क्षुल्लक कारणावरून घराबाहेर काढता येत असे, हे ध्यानात घेतल्यास या उत्तरातील कठोरपणा कोणाच्या बाजूचा होता, ते उमगते.

अडचण पुढे आहे. मार्कच्या शुभवर्तमानात घटस्फोटाच्या निषेधाला अपवाद नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात जारकर्माचा अपवाद आहे. या फरकावर पंथोपपंथांची भिन्न मते उभी राहिली. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पती-पत्नीच्या नात्याला ख्रिस्त व मंडळी यांच्या नात्याची उपमा देऊन त्यास 'मोठे रहस्य' म्हटले आहे. मूळ ग्रीक 'मिस्टेरिऑन' या शब्दासाठी लॅटिन बायबलात 'साक्रामेंतुम' हा शब्द आला, आणि विवाह हा संस्कार आहे या मताला त्याचा आधार मिळाला. मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये हा आधार नाकारला. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाचे संस्कारत्व पुन्हा प्रतिपादिले व धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्या उपस्थितीची अट घातली. कॅथलिक पंथ आजही वैध व पूर्णत्वास गेलेला संस्कारविवाह मोडता येत नाही असे मानतो. विवाह मुळातच अवैध होता, एवढे मात्र तो ठरवू शकतो. ऑर्थोडॉक्स व बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ काही परिस्थितीत पुनर्विवाहास मान्यता देतात.

एकाच जोडीदाराने धर्मांतर केल्यास काय, हा प्रश्न पौलापुढेही होता. करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय ७) तो म्हणतो की, विश्वास न ठेवणारा जोडीदार राहण्यास राजी असेल तर त्याला सोडू नये. तो स्वतः निघून गेला तर मात्र बंधन राहत नाही. एकोणिसाव्या शतकातील भारतात हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदासाठी १८६६ मध्ये कायदा झाला. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून विभक्त राहिल्या. नंतर संसार पुन्हा जुळला आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात या ताटातुटीची हकीकत पत्नीच्या बाजूने वाचावयास मिळते, जी धर्मशास्त्रीय चर्चेत क्वचितच आढळते.

भारतातील ख्रिस्ती विवाहांना १८७२ चा विवाह कायदा व १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. दुसऱ्या कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पुरत असे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य वा परित्यागासारखे आणखी कारण सिद्ध करावे लागे. हा भेद २००१ च्या दुरुस्तीने नाहीसा झाला आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूदही आली. चर्चच्या न्यायमंडळाने विवाह रद्द ठरविला तरी दिवाणी कायद्याने तो संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. त्यामुळे चर्चमध्ये पुन्हा विवाह करू इच्छिणाऱ्या घटस्फोटित कॅथलिक व्यक्तीला, पूर्वीचा जोडीदार हयात असल्यास, सामान्यतः दोन्हीकडे दाद मागावी लागते.