तापाच्या पहिल्या दोन दिवसांचे वेतन

पनवेल तालुक्यातील तळोजा औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला निघालेल्या कंत्राटी कामगारांत एखादा अंगात ताप घेऊन जाणारा आढळला, तर त्यात नवल नाही. एक दिवसाची गैरहजेरी म्हणजे एक दिवसाची रोजी बुडणे. पण हा त्याचा खासगी प्रश्न आहे, असे कोणी मानू नये. रासायनिक कारखान्यात झडप फिरविणारा हात थरथरला, किंवा सर्दीने चोंदलेल्या नाकाला वायूचा वास आला नाही, तर त्याचे परिणाम कुंपणाच्या आत थांबत नाहीत.

प्रश्न जुना आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांनी सह्या केलेल्या निवेदनात, रविवारच्या सुटीबरोबरच, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, अशी मागणी होती. सुटी १८९० मध्ये मिळाली. अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला. आजारपणातील वेतनासाठी मात्र प्रा. आडारकर यांचा १९४४चा अहवाल आणि १९४८चा राज्य कामगार विमा कायदा यांची वाट पाहावी लागली.

या विमा योजनेत जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराची ०.७५ टक्के ठरली. तिच्या बदल्यात आजारी कामगारास वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. कामावर झालेल्या इजेसाठी हेच प्रमाण ९० टक्के आहे. लोखंडे यांनी मागितलेले पूर्ण वेतन इजेलाही नाही ते नाहीच. शिवाय सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते, आणि नव्या आजाराचे पहिले दोन दिवस सामान्यतः कोरडेच जातात. मोठ्या आजारात माणूस अंथरूणच धरतो; साध्या तापात मात्र तो कामावर जाऊ शकतो. नेमका तेथेच योजनेचा हात आखडतो. लबाडीला आळा घालण्यासाठी ही अट आहे, असे म्हटले जाते. मग डॉक्टरांचा दाखला कशासाठी?

भोपाळच्या १९८४च्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती मिळविण्याचा आणि संभाव्य संकटाची सूचना देण्याचा हक्क कामगारांना मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेतही तो कायम आहे. परंतु एका दिवसाची रोजी बुडण्याच्या भीतीने जो तापातही कामावर जातो, तो धोक्याविषयी तोंड उघडील कसा? ज्याला घरी राहण्याचा हक्क नाही, त्याचा बोलण्याचा हक्क कागदावरच राहतो.

म्हणून पहिल्या दोन दिवसांची अट काढावी, आणि कंत्राटदाराचे बिल चुकते करण्यापूर्वी प्रत्येक कामगाराची वर्गणी भरली आहे याची खात्री मूळ मालकाने करून घ्यावी. कायद्याने वर्गणीची प्राथमिक जबाबदारी त्याच्यावरच टाकलेली आहे. दोन दिवसांच्या वेतनाचा हा खर्च दयाधर्माचा नव्हे. तळोजाच्या वाऱ्याखाली राहणाऱ्या प्रत्येक पनवेलकराच्या सुरक्षिततेचा तो हप्ता आहे.