गोल्फचा हँडिकॅप: चांगल्या दिवसांची सरासरी

(औंढा नागनाथ येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

औंढ्याला येऊन गोल्फवर बोलायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच आला, की इथे हा खेळ खेळतं कोण? रास्त आहे. म्हणून सुरुवात सोयाबीनपासून करू. समजा, एखाद्यानं गेल्या वीस हंगामांतले सगळ्यात चांगले आठ निवडले, त्यांच्या उताऱ्याची सरासरी काढली आणि ‘आमच्या रानाचा उतारा एवढा’ असं सांगितलं. आकडा खोटा नाही, तेवढं पिकलेलं आहे. पण त्याच्या भरवशावर यंदाचं कर्ज काढलं तर? गोल्फमधला हँडिकॅप हा असाच आकडा आहे.

थोडक्यात खेळ सांगतो. गोल्फमध्ये 18 होल असतात. प्रत्येक होल किती फटक्यांत पुरा व्हावा हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. अठरांची बेरीज बहुतेक कोर्सवर 70 ते 72 येते. फटके जितके कमी तितकं चांगलं. मध्यम अवघड कोर्सवर खेळाडू पारपेक्षा किती जास्त फटके घेईल, याचा ढोबळ अंदाज म्हणजे हँडिकॅप. ज्याचा हँडिकॅप चार, तो हौशी खेळाडूंत बराच वरचा.

2020 पासून जगभरासाठी एकच पद्धत आली. शेवटच्या 20 फेऱ्या घ्यायच्या, कोर्स किती अवघड होता त्याचा हिशेब घालून प्रत्येक फेरीचा एक आकडा काढायचा आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या आठांची सरासरी घ्यायची. उरलेल्या बारा फेऱ्या मोजणीतच येत नाहीत. असं का? कमी-जास्त ताकदीच्या खेळाडूंना एकमेकांशी बरोबरीनं खेळता यावं म्हणून हँडिकॅपचे फटके सवलत म्हणून मिळतात. सगळ्या फेऱ्या धरल्या, तर मुद्दाम वाईट खेळून सवलत वाढवून घेणं सोपं होईल. म्हणून ही पद्धत तुमची कुवत मोजते, तुमचा रोजचा खेळ नव्हे.

कागदावर मांडून पाहू. मध्यम अवघड कोर्स, पार 72. चांगल्या आठ फेऱ्यांची सरासरी 76, म्हणजे हँडिकॅप चार. उरलेल्या बारांची सरासरी 81 धरू. वीसही फेऱ्या मिळून सरासरी येते 79. त्या चांगल्या आठांतही निम्म्या 76 च्या वरच असणार. म्हणजे 76 किंवा त्याहून कमी हे चार-पाच फेऱ्यांतून एकदाच व्हायचं. कोर्स अवघड असेल, तर 79 चे 82 सुद्धा होतात, आणि तरी खेळ बिघडलेला नसतो.

आमचंच सांगतो. हँडिकॅप चार असताना एका स्पर्धेत पहिल्या दिवशी आमचे 81 झाले. मनात 76 धरून गेलो होतो. नऊ होल झाल्यावरच वाटायला लागलं, आज काहीतरी मोडलंय. मग गेलेले फटके भरून काढायला झाडांमधून नको ते धाडस केलं आणि आणखी घालवले. घरी येऊन किट माळ्यावर टाकलं, ते वर्षभर काढलं नाही. नंतर जुनी कार्डं काढून सगळ्यांची बेरीज केली, तेव्हा कळलं की 81 हा आमचा नेहमीचाच वाईट दिवस होता. वर्ष गेलं ते चुकीच्या अपेक्षेपायी.

टीव्हीनं ही अपेक्षा आणखी बिघडते, कारण तिथे जास्त करून त्या दिवशी पुढे असलेलेच खेळाडू दिसतात. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक आठ फुटांवरून साधारण निम्म्या वेळाच चेंडू होलमध्ये घालतात. वीस फुटांवरून शंभरात पंधराच्या आसपास. आपला पुण्याचा उदयन माने घ्या. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, पार 71 च्या कोर्सवर, त्यानं पहिल्या दिवशी 76 फटके घेतले आणि दुसऱ्या दिवशी 69. माणूस तोच, कोर्स तोच, फरक सात फटक्यांचा. मग हौशी खेळाडूनं रोज एकच आकडा कसा मागावा?

तेव्हा चार हँडिकॅपवाल्यानं काय धरून चालावं? साधारण दिवस 79. छान दिवस 75-76. वाईट दिवस 83-84, आणि तोही आपलाच. 18 पैकी आठ-नऊ ग्रीनवर वेळेत चेंडू गेला, एखाद-दोन बर्डी झाल्या, तर गाडी रुळावर आहे. खेळ खरंच सुधारतोय का हे पाहायचं असेल, तर एका फेरीवरून ठरवू नका. वीसही कार्डांची सरासरी काढून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा काढा. 79 ची 78 झाली, तर ती मोठी कमाई आहे.

आणि जे गोल्फ खेळत नाहीत, त्यांनी घरी गेल्यावर वीस हंगामांचा हिशेब करून बघा. सगळ्या वीसांचा. आता प्रश्न घेऊ.