पुढच्या चाकामागचे नट-बोल्ट बदलताना

छोट्या मोटारीचं पुढचं चाक उतरवलं की आत बहुधा एकच मांडणी दिसते: मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना फोर्डने १९५० साली इंग्लंडमध्ये कॉन्सल गाडीला दिली. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८००च्या पुढच्या चाकांनाही तीच होती. वरून उभा शॉकअप, खाली आडवा लोअर आर्म आणि या दोघांमध्ये चाक धरणारा नकल. हे सगळं मोजक्या बोल्टांवर उभं असतं. शॉकअप आणि नकल जोडणारे सहसा दोन, नकल आणि आर्म यांच्यामधल्या बॉल जॉईंटचा बऱ्याच गाड्यांत एक, आणि आर्म सांगाड्याला धरणारे दोन-तीन. लोक आर्म आणि शॉकअप नवे घेतात आणि जुनेच बोल्ट पुसून परत लावतात. ही काटकसर चुकीच्या जागी होते, असं माझं ठाम मत आहे.

बोल्ट भोकात अडकून भार पेलतो असं वाटतं. खरं काम वेगळंच असतं. नट आवळताना बोल्ट केसभर ताणला जातो, आणि मूळ लांबीला परत येण्याच्या त्याच्या ओढीमुळे दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. १२ मिलिमीटर जाडीचा, डोक्यावर १०.९ असा आकडा असलेला बोल्ट नीट आवळला की सुमारे पाच टनांच्या जोराने भाग आवळून धरतो. त्या दाबामुळे भाग घसरत नाहीत आणि खड्ड्यांचे धक्के घर्षणावरच निभावतात. दाब कमी पडला की भाग किंचित सरकू लागतात, बोल्टवर आडवे घाव बसतात, भोक अंडाकृती होतं आणि शेवटी बोल्ट तुटतो.

आता पान्याचा हिशेब पाहा. पान्यावर लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो. उरलेला आट्यांतल्या आणि नटाखालच्या घर्षणात खर्च होतो. आट्यांत गंज असेल तर घर्षण वाढतं. टॉर्क पाना ठरलेल्या आकड्याला ‘टक्’ वाजतो, पण बोल्ट पुरेसा ताणलेलाच नसतो. उलट, पुस्तिकेत सांगितलेलं नसताना आट्यांना तेल लावलं तर त्याच आकड्याला बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. म्हणून नवा बोल्ट आला तसा, स्वच्छ बसवावा. नायलॉनची कडी असलेला नट एकदा काढला की त्याची पकड घटते. तो दर वेळी नवाच घ्यावा.

खरेदी करताना डोक्यावरचा आकडा वाचावा. १०.९ मधल्या १० चा अर्थ तुटेपर्यंतची ताकद साधारण १००० मेगापास्कल, आणि .९ म्हणजे त्याच्या ९० टक्के ताणापर्यंत तो कायमचा लांबत नाही. ८.८ चा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण बराच कमजोर. मुंबईच्या नागदेवीतल्या किंवा पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानात मापाचा बोल्ट लगेच मिळेल; पण प्रत, आट्यांची पिच आणि गुळगुळीत दांड्याची लांबी या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. त्यामुळे गाडीच्या कंपनीचा सुटा भाग मागणं सोपं आणि खात्रीचं.

कामाला सपाट जमीन, मागच्या चाकांना अडसर आणि सांगाड्याखाली जॅक स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखाली हात घालू नये. कोकणपट्टीतल्या गाड्यांत आर्मचा बोल्ट त्याच्या रबरी बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटलेला असतो. बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवावं. गॅस कटरने तापवणं शेवटचा उपाय. शेजारी रबर आणि ब्रेकचा होज असतो.

शॉकअपच्या बोल्टांना कधी डोक्याखाली दाते असतात. तिथे डोकं फक्त धरायचं, फिरवायचा तो नट. काही गाड्यांत यांतला एक बोल्ट कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, जुळवण्यासाठी असतो, म्हणून खोलण्याआधी खूण करून घ्यावी. बॉल जॉईंटचा बोल्ट जॉईंटच्या दांड्यावरच्या खाचेतून आडवा जातो. तो पूर्ण बाहेर काढल्याशिवाय जॉईंट निघत नाही, हातोडीने ठोकलं तरी. सुटलेला नकल तारेने बांधून ठेवावा, त्याचं वजन ब्रेक होजवर येऊ देऊ नये. आणि शॉकअपच्या माथ्यावरचा मधला नट या कामात अजिबात सोडू नये: त्याखाली स्प्रिंग दाबलेली असते आणि सुटली तर जीव घेऊ शकते.

सगळ्यात जास्त चूक होते ती आर्मच्या बोल्टात. बुशची आतली नळी बोल्टने सांगाड्याला घट्ट बसते, बाहेरची आर्मसोबत फिरते, आणि मधलं रबर पीळ खात राहतं. गाडी वर उचललेली असताना आर्म खाली लोंबतो. त्याच स्थितीत बोल्ट आवळला तर रबराची आरामाची जागा तीच ठरते. मग गाडी चाकांवर आली की रबर पिळलेल्या पंचासारखं कायम पीळ खाऊन राहतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं. नवं बुश इतक्या लवकर कसं गेलं, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. म्हणून हे बोल्ट आधी हाताने बसवून ठेवावेत. नंतर आर्मच्या टोकाखाली जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीला आणावं, किंवा गाडी रॅम्पवर चाकांवर उभी करावी, आणि तेव्हाच शेवटचं आवळावं.

सोडवायला इम्पॅक्ट गन चालेल. शेवटचं आवळणं मात्र टॉर्क पान्यानेच, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याने. तिथे आकड्यापुढे अंशही लिहिले असतील तर तेवढा कोन वेगळा फिरवायचा, आणि असे बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे असतात. स्टीअरिंगच्या टाय रॉडला खाचांचा नट असेल आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे थोडा आवळावा, मागे कधी सोडू नये. पिन नवी घालावी.

हे सारं झाल्यावर व्हील अलाइनमेंट करावी लागते. कॅम्बर सुधारायला तिथला कारागीर शॉकअपचे हेच दोन बोल्ट पुन्हा सैल करू शकतो. त्याला टॉर्कचा आकडा कागदावर लिहून द्यावा, आणि तो आवळत असताना शेजारी उभं राहावं.