जुनी लाकडी नाव खरेदी करताना

धार व देवास या दोन्ही जिल्ह्यांच्या दक्षिण सीमेवरून नर्मदा वाहते. देवासकडील नेमावर आणि धारकडील धरमपुरी, खलघाट ही तिच्या काठची परिचित गावे होत. पुढे हीच नदी महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा बनते. २०१९ साली सरदार सरोवर १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरले. वाहत्या, अरुंद पात्रासाठी बांधलेल्या नावा आता रुंद, संथ जलाशयावर चालवाव्या लागतात. नवी नाव परवडत नाही म्हणून जुनी घेणाऱ्या कुटुंबाची अनेक हंगामांची शिल्लक तीत गुंतते. फळी दगा देईल तर जीव व पैसा दोन्ही धोक्यात येतात.

विक्रीची नाव बहुधा नुकतेच डांबर लावून ठेवलेली असते. ताजे डांबर हे गुणाचे लक्षण नव्हे. पाहण्याजोगे असते ते त्याखालीच. कोकणात खाऱ्या पाण्यातील, शिंपल्यांच्या वर्गात मोडणारा लाकूड पोखरणारा किडा होडीचा मोठा शत्रू मानला जातो. नर्मदेच्या गोड्या पाण्यात त्याचे भय नाही. परंतु खारे पाणी लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस काहीसा आळा घालते, तो लाभ येथे नाही. बुरशीला ओल व हवा दोन्ही लागतात. त्यामुळे सदैव बुडालेला तळ पुष्कळदा शाबूत असतो. उलट पाण्याच्या पातळीलगतच्या फळ्या, आडव्या पाटांखालचे कोपरे आणि दोन्ही टोकांचे सांधे, जेथे पावसाचे पाणी साचते, ते आतून मऊ पडलेले आढळतात. अशा ठिकाणी आरीचे टोक दाबून पाहावे. चांगल्या सागवानात ते अडते, कुजक्या लाकडात सहज शिरते. खिळ्यांच्या भोवती लाकूड काळे पडून भुसभुशीत झाले असेल, तर तेथील पकड गेली असे समजावे.

गळतीविषयी मात्र घाईने मत बनवू नये. बरेच दिवस किनाऱ्यावर उलटी पडलेली नाव पाण्यात घातल्यावर गळणारच, कारण फळ्या सुकून आखडलेल्या असतात. पाणी शोषून त्या फुगल्या की फटी मिटतात. म्हणून नाव दोन-तीन दिवस पाण्यात ठेवून नंतर रात्रभरात किती पाणी साचते ते पाहावे. विकणाऱ्यास हे मान्य नसेल, तर सौदा सोडणेच बरे.

जलाशयात बुडालेल्या झाडांची खोडे पाण्याखाली उभी असतात. तळावरील लांब ओरखडे व नव्या फळीचे ठिगळ यांचा संबंध विकणाऱ्यास विचारावा. रुंद पाण्यावर वाऱ्याने लाटा उठतात. काठ फार कमी उंचीचे असतील तर अशी नाव स्वस्त असूनही घेण्यायोग्य नाही. शीड असल्यास उन्हात विरलेले कापड बोटांनी ताणून पाहावे आणि कोपऱ्यांची शिवण तपासावी. शीड बदलता येते. डोलकाठीचा पाया ज्या आडव्या तुळईवर बसतो ती तडकलेली असल्यास दुरुस्ती महाग पडते. वल्ह्याच्या वा शिडाच्या नावेस मागाहून इंजिन बसविले असेल, तर मागील बाजूची भोके व सैल सांधे विशेष काळजीने पाहावेत.

पुढे चांगली किंमत यावी अशी इच्छा असणाऱ्याने त्या घाटावर रूढ असलेल्या बांधणीचीच नाव पसंत करावी. जिची दुरुस्ती गावचा सुतार करू शकतो, तिला गिऱ्हाईक मिळते. नावेवर सहकारी संस्थेचे कर्ज शिल्लक नाही, याची खात्री करून घ्यावी. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमात यंत्राविना चालणाऱ्या नावांच्या नोंदणीचीही तरतूद आहे. तेव्हा नोंद झाली असल्यास ती आपल्या नावे करून घ्यावी. खरेदीच्या पावतीवर लांबी, रुंदी, लाकडाचा प्रकार व बदललेल्या फळ्या यांचा उल्लेख करून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. पुढचा खरेदीदार हीच पावती मागेल.