जनावरांचा भरडा : दळणे, मिसळणे आणि जपणे

गाईच्या शेणात मक्याचे अख्खे दाणे दिसू लागले, की समजावे, आपला पैसा उकिरड्यावर चालला आहे. खात्री करायची असेल तर मूठभर शेण चाळणीत घेऊन त्यावर पाणी सोडावे. चाळणीत दाणे उरले, तर ते जनावराच्या पोटातून जसेच्या तसे बाहेर आले आहेत. दूध-धंद्यात निम्म्याहून अधिक खर्च चारा-खाद्यावर होतो. म्हणून या महिन्यात घरच्या घरी भरडा कसा काढावा, कसा मिसळावा आणि कसा साठवावा, याचा विचार आपण करू.

पूर्वी आपल्या गावठी गाई चरून, कडबा खाऊन दोन-तीन लिटर दूध देत. त्यांना संध्याकाळी मूठभर चुणी-कोंडा पुरे होई. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे बाएफ ही संस्था स्थापन केली आणि संकरित गाई खेडोपाडी पोहोचू लागल्या. १९७० पासून दूध महापूर योजना आली. आज राहुरी, श्रीरामपूर, संगमनेरकडे दिवसाला दहा-पंधरा लिटर देणारी गाय अनेकांच्या दारात आहे. एवढे दूध नुसत्या वैरणीवर निघत नाही. आंबोण द्यावेच लागते, आणि ते विकत घेण्यापेक्षा घरी केले तर आत काय आहे हे आपल्याला ठाऊक असते.

किती बारीक दळावे?

येथे पुष्कळांची गल्लत होते. जनावरांसाठी पीठ काढायचे नसते, भरड काढायची असते. दाण्याचे चार-सहा तुकडे झाले की गाई-म्हशीचे काम भागते. फार बारीक पीठ पोटात गेले की ते झपाट्याने आंबते, पोटात आम्लता वाढते, रवंथ कमी होतो आणि दुधाची फॅट उतरते. शिवाय पीठ उडते, नाकात जाते आणि जनावर गव्हाणीत फुंकर मारून निम्मे वाया घालवते.

भरड्याच्या चक्कीत फिरत्या हातोड्या दाणा फोडतात आणि जाळीच्या भोकातून तो खाली पडतो. जाडी ठरते ती मुख्यतः जाळीवर. गाई-म्हशींसाठी साधारण ४ ते ६ मिलिमीटर भोकांची जाळी ठेवावी. डुकरांना यापेक्षा बारीक, सुमारे ३ मिलिमीटरच्या जाळीचा भरडा मानवतो, कारण ती नीट चावत नाहीत. मात्र अगदी मैद्यासारखे पीठ दिल्यास त्यांच्या जठरात व्रण पडतात. कोंबड्यांनाही पीठ नको, ते चोचीला चिकटते. शेळ्या-मेंढ्या दाणा उत्तम चावतात. त्यांचे धान्य दळायचा खर्च करूच नये.

चक्की सुरू करण्यापूर्वी धान्य पाखडून घ्यावे. तारेचा तुकडा, खिळा, सुई भरड्यात गेली तर गाय ती न चावता गिळते. ती दुसऱ्या पोटात अडकते आणि आकुंचनाबरोबर पुढे सरकत थेट हृदयाच्या आवरणात घुसते. असे जनावर खाणे सोडते, कण्हते आणि पुष्कळदा दगावते. म्हणून धान्य ओतण्याच्या तोंडाशी एक मजबूत लोहचुंबक बसवावा. खर्च थोडा, पण गाय वाचते.

माणसाचीही काळजी घ्यावी. पट्ट्यावर झाकण असल्याशिवाय यंत्र चालवू नये. पदर, ओढणी, सैल बाही आवरून घ्यावी. मुलांना जवळ येऊ देऊ नये. नाका-तोंडाला स्वच्छ फडके बांधावे. धान्याची, विशेषतः बुरसटलेल्या धान्याची धूळ फुफ्फुसाला कायमची इजा करते.

मिसळण्याची रीत

दुभत्या गाई-म्हशींसाठी १०० किलोचे एक साधे मिश्रण असे करता येईल :

मक्याचा भरडा ३५ किलो, सरकी पेंड २५ किलो, शेंगदाणा पेंड १२ किलो, गव्हाचा कोंडा १५ किलो, तूर चुणी १० किलो, खनिज मिश्रण २ किलो, मीठ १ किलो.

यात प्रथिने सुमारे १८ टक्के येतात. हिशेब सोपा आहे. मक्यात सुमारे ९ टक्के प्रथिने असतात, म्हणजे ३५ किलोत ३ किलोच्या थोडी वर. शेंगदाणा पेंडीत ४० टक्क्यांच्या वर असतात, म्हणजे १२ किलोत सुमारे ५ किलो. याप्रमाणे प्रत्येक जिन्नसाचा आकडा काढून बेरीज करावी. बाजारात एखादी वस्तू महागली, तर तिच्याऐवजी काय घालावे हे याच हिशेबाने ठरते. मक्याऐवजी ज्वारी-बाजरीही चालते.

जिन्नस गावागणिक बदलतात. खानदेश-विदर्भात सरकी सहज मिळते. ती दुभत्या जनावरांना उत्तम, पण लहान वासरे, डुकरे व कोंबड्या यांना देऊ नये. तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य त्यांना बाधते. कोकण-वसईकडे भाताचा कोंडा भरपूर. त्यात तेल असल्याने तो लवकर खवट होतो, म्हणून ताजाच वापरावा. ग्वाल्हेरकडे तर चित्र आणखी निराळे. शिंद्यांनी १८१० साली तेथे लष्कर वसवले तेव्हापासून मराठी कुटुंबे त्या शहरात आहेत. आज सिटी सेंटर भागात दुकाने नि कचेऱ्या दिसतात, पण शहराबाहेर पडून मुरैना-भिंडच्या वाटेला लागले की मोहरीची शेते सुरू होतात. त्या पट्ट्यात म्हशीला मोहरीची पेंड घालतात. तिच्यात प्रथिने चांगली, ३५ टक्क्यांच्या आसपास. पण ती उग्र असते आणि जास्त झाल्यास गळ्यातील ग्रंथीच्या कामात अडथळा आणते. म्हणून वरच्या मिश्रणात शेंगदाणा पेंडीच्या जागी तेवढीच मोहरी पेंड घालावी, त्याहून फार नको, आणि मीठ आयोडीनयुक्त वापरावे.

मिसळताना थोड्या वस्तूंपासून सुरुवात करावी. मीठ व खनिज मिश्रण आधी ५ किलो कोंड्यात हाताने कालवावे. मग झाडलेल्या कोरड्या फरशीवर मका, पेंड, चुणी यांचे एकावर एक थर द्यावेत, त्यावर ते कालवलेले मिश्रण सारखे पसरावे आणि फावड्याने सगळा ढीग एका जागेवरून दुसऱ्या जागी निदान चार वेळा पालटावा. असे न केल्यास एका घमेल्यात सगळे मीठ आणि दुसऱ्यात काहीच नाही, असे होते.

युरियाबद्दल स्पष्टच सांगतो. स्वस्तात प्रथिने मिळतात म्हणून काहीजण आंबोणात युरिया टाकतात. त्याचे प्रमाण १ टक्क्याच्या वर जाता कामा नये आणि हाताने ते सारखे मिसळत नाही. एखाद्या घमेल्यात खडा जास्त गेला, तर जनावर तासाभरात तडफडून मरू शकते. घरच्या मिश्रणात युरिया घालूच नये.

किती द्यावे?

गाईला शरीरपोषणासाठी एक ते दीड किलो आणि पुढे दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो. नवे खाद्य एकदम सुरू करू नये, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. लग्नाचा उरलेला भात, पोळ्या किंवा उघडे राहिलेले धान्याचे पोते जनावराने भरपूर खाल्ले, तर पोटात आम्ल होऊन ते सुस्त पडते, रवंथ थांबतो, आंबूस वासाचे पातळ शेण टाकते, झोकांड्या देते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता पशुवैद्याला बोलवावे.

बुरशी : घरादाराचा प्रश्न

आता सर्वांत महत्त्वाचे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील शेंगदाणा पेंडीवर वाढलेल्या बुरशीचे विष सापडले. तेच अफ्लाटॉक्सिन. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा येथे अवकाळी पावसात भिजलेला, बुरसटलेला मका गरीब आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. यकृत बिघडून शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याच घरांतले अन्न खाणारी कुत्रीही मेली.

हे विष गाईच्या पोटात गेले की त्याचा काही अंश दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही. २०१८ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे सुमारे ६,४०० नमुने तपासले. त्यांपैकी ५.७ टक्के नमुन्यांत हे विष ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक निघाले. ते गवळ्याने पाण्यातून घातलेले नव्हते, खाद्यातून आले होते. म्हणून ‘माणसाला नको ते जनावराला चालेल’ हा विचार सोडून द्यावा. जनावराला घातलेले आपल्या लेकरांच्या पेल्यात परत येते, आणि जे दूध आपण डेअरीला घालतो ते दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाते.

उपाय अवघड नाहीत. धान्य दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवावे. ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. अख्खा दाणा टिकतो, भरडलेला लवकर बिघडतो. म्हणून एरवी महिन्याचा, पण पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांचाच भरडा काढावा. चक्की बंद केल्यावर आत चिकटलेले पीठ झाडून टाकावे. भिजवलेले आंबोण उरले तर दुसऱ्या दिवशी घालू नये. पेंडीला कुबट वास, गोळे किंवा हिरवट-काळी बुरशी दिसली तर ती कोंबड्यांनाही घालू नये आणि स्वस्तात कुणाला विकूही नये. खतात गाडावी. नुकसान शे-पाचशेचे असेल, पण ते तेवढ्यावरच थांबते.

दोन-तीन जनावरांसाठी प्रत्येकाने स्वतंत्र यंत्र घेण्याची गरज नाही. धर्मग्रामातील आठ-दहा घरांनी मिळून एक चक्की घ्यावी, वार ठरवून घ्यावेत, विजेचे बिल वाटून घ्यावे आणि पेंड-मका एकत्र आणावा. घाऊक घेतल्यास भावही सुटतो आणि माल पारखायला चार डोळे जास्त मिळतात. पावसाळ्यापूर्वी ही जुळवाजुळव झाली तर उत्तम. निदान आज संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या पेंडीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पाहावा. तळ गरम किंवा ओलसर लागला, तर ते पोते आजच बाजूला काढावे.